सोयरिकीचा घोट

“इवाईबुवा, देवाले वाह्यली, आता तुमच्या ओठाले लागली पायजे,” म्हणत जंगूनं पळसाच्या पानांचा द्रोण पुढे धरला. सोनबाचा होणारा व्याही तो, त्याच्या लेकीचा, जिजाचा सासरा. मांडवातली सगळी माणसं सोनबाकडे बघू लागली आणि सोनबा आपल्या पायांकडे.

समुद्रपूरकडच्या त्या वस्तीत दोन्ही बापांनी एका द्रोणातली मोहाची प्याल्याशिवाय सोयरीक पक्की होत नसे. जिल्ह्यात दारूबंदी लागून कैक वर्षं झाली होती. पण देवाच्या नावानं कुणाच्या ना कुणाच्या घरून बाटली निघायचीच.

सोनबा मात्र तीन वर्षं थेंबाला शिवला नव्हता. त्याआधी काय कमी धिंगाणा घातला होता! बायकोचे, भागाबाईचे चांदीचे वाळे दारूत गेले. धाकटी पोर तापानं फणफणत होती, तेव्हा हा बाजारात लोळत पडला होता. पोर गेली. तिला माती देऊन आला आणि त्यानं बाटली सोडली. दिवेलागणीला त्याचे हात थरथरू लागले, की भागाबाई चुलीवर गुळाचा चहा ठेवायची. एक कप, दुसरा, तिसरा. तलफ सरेपर्यंत दोघं चुलीपुढे बसून राहायची. तिला नवरा लाभला तो याच तीन वर्षांत.

“मी सोडली, बुवा. पान्याचा घोट घेतो,” सोनबा म्हणाला.

“पान्यावर काय सोयरीक होते काय?” जंगूचा चेहरा उतरला. “का आमचं घर कमी दिसून राह्यलं तुमाले?”

त्याचे भाऊबंद उठायला लागले. आत जिजा नवं लुगडं नेसून बसली होती. भागाबाई पुढे झाली. भरल्या मांडवातून पाहुणे उठून गेले, तर पोरीला पुन्हा कोण विचारणार? तिनं जंगूच्या हातातून द्रोण घेतला आणि नवऱ्यापुढे धरला.

“घ्या, जिजाच्या बाबा. एकच घोट. पोरीसाठी.”

सोनबानं वर पाहिलं. “तू म्हणून राह्यली?”

“हो. मीच.”

त्यानं घोट घेतला. ढोल वाजला.

जिजा सुखानं नांदली, त्यात खोट नाही. सोनबा मात्र त्या संध्याकाळी चहाला आला नाही, दुसऱ्याही नाही. पुढे पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. तूच पाजलीस, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी भावकी जमली. धाकटा दीर श्रावण मेलेल्याच्या वाट्याची बाटली घेऊन आला.

“वहिनी, दादाच्या नावानं सांडतो. लय आवडे त्याले.”

“नाई, श्रावणभाऊ. त्यायनं सोडली होती.”

“असं काऊन बोलून राह्यल्या? सारं गाव पाहे त्याले पेतानी.”

“त्यायनं सोडली होती,” ती म्हणाली. “मी पाजली.”

कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. दारात उभ्या असलेल्या जिजानं पदर तोंडात धरला.

भागाबाईनं चूल पेटवली, गुळाचा चहा केला आणि दोन कप भरले. एक सोनबाच्या जागेवर ठेवला. दुसरा हातात धरून ती शेजारी बसून राहिली, पूर्वी त्याची तलफ सरेपर्यंत बसायची तशी.