अकरावी फ्रेम

मी हूक बोलतोय. दाराचा नव्हे, कपड्यांचा तर मुळीच नव्हे. फ्रेम टांगायचा पितळी हूक, करंगळीच्या पेराएवढा, आणि माझ्या पाठीतून तिरका भिंतीत गेलेला एक पोलादी खिळा. आम्हा दोघांना मिळून लोक ‘तो खिळा’ म्हणतात. म्हणोत बापडे. खिळा स्वभावाने अबोल, म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो.

आमच्या जमातीकडे कोणी बघत नाही, आणि तेच आमच्या भल्याचं असतं. लोकांनी चित्र बघायचं. हूक दिसला म्हणजे काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. मी गेली सहा वर्षं या बैठकीच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ दिसतो. माझ्यावर आजवर एकही फ्रेम टांगलेली नाही.

एका कारखान्यात पितळेच्या पट्टीतून मला कापलं, वाकवलं, भोक पाडलं आणि शंभर भावंडांबरोबर पाकिटात भरलं. हार्डवेअरच्या दुकानातून ते पाकीट एका फ्रेमवाल्याने नेलं. त्याच्या डब्यातून रोज दोन-चार भाऊ कुणाच्या ना कुणाच्या घरी जायचे. कुणाच्या वाट्याला पदवीचं प्रमाणपत्र यायचं, कुणाच्या वाट्याला समुद्राचं चित्र. मी तळाशी पडून माझ्या नशिबात काय असेल याचा विचार करायचो.

या फ्रेमवाल्याला बाजारात सगळे ‘काटकोन’ म्हणत. कोणाच्याही घरी गेला की चहाचा कप हातात घेण्याआधी भिंतीवरची चित्रं सरळ करून यायचा. त्याची बायको सांगायची, “हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा यांनी मला बघितलंच नाही. आमचा आरसा डावीकडे उतरलेला होता, तोच बघत बसले.”

त्याची कामाची एक रीत होती. हूक ठोकण्याआधी तो घरच्यांना विचारायचा, हे चित्र सगळ्यात जास्त कोण बघणार? ते माणूस पुढे आलं की त्याला भिंतीसमोर सरळ उभं करायचा आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीने खूण करायचा. चित्राचा मध्य त्या खुणेवर यायला हवा. “घर कुणाचंही असो, भिंत बघणाऱ्याची असते,” असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे.

स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. भिंतींवर एक फ्रेम म्हणून नव्हती. गिऱ्हाइकांचं काम आधी, घरचं नंतर, आणि ते नंतर काही उगवत नसे. बायकोने तक्रार केली नाही, कारण टांगावं असं तिच्याकडेही काही नव्हतं. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली होती. आई लोकांचे कपडे शिवायची, तिच्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास यायचा, मशीनचं पायडल चालायला लागलं की ती गुणगुणायची, एवढं तिला आठवायचं. चेहरा आठवायचा नाही. आईचा एकही फोटो मागे राहिला नव्हता.

मग एके दिवशी तिच्या मावशीने कपाट आवरलं आणि एक खाकी पाकीट पाठवून दिलं. आत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तळहाताएवढा फोटो. आई शिवणयंत्रापाशी बसलेली, गळ्यात टेप, आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी वर बघणारी. हे मी ऐकीव सांगतोय. मी तो फोटो पाहिलेला नाही. तिने पाहिला, तोही एकच दुपार. संध्याकाळी नवरा घरी आला आणि त्याने तिच्या हातात फोटो बघून डोक्यालाच हात लावला. बोटांचे डाग पडतात, घाम लागतो, असले जुने फोटो हाताळायचे नसतात, दे इकडे, उद्याच फ्रेम करून आणतो, म्हणाला. तिने दिला. फोटोचं भलं व्हावं म्हणून दिला.

त्याच संध्याकाळी त्याने पिशवीतल्या डब्यातून मला काढलं. बायकोला भिंतीसमोर उभं केलं. सगळ्यात जास्त कोण बघणार, हे या वेळी विचारावं लागलं नाही. ती हसत होती आणि डोळे मिटत होती, आणि तो सारखा सांगत होता की डोळे उघडे ठेव, खूण चुकेल. पेन्सिलीची खूण झाली, वरचं माप घेतलं गेलं, आणि तीन ठोक्यांत मी भिंतीला लागलो. तेव्हा माझ्याइतकं सुखी कोणी नसेल. मला उद्याच एक आई मिळणार होती.

उद्या आला आणि गेला. परवा काच संपली होती. तेरवा फ्रेमला हवी तशी लाकडी पट्टी मिळेना. पुढच्या आठवड्यात कटर बिघडला. बायको म्हणायची, घाई नाही, नीट करा. पण रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की ती आधी नवऱ्याच्या हाताकडे बघायची आणि मग चेहऱ्याकडे. मीही तेच करायचो. एकदा त्याने सवयीने माझ्यावर छत्री अडकवली. तिने ती काढून दाराआड ठेवली.

महिनाभराने तो माझ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघताच बोलला.

“तुझा फोटो आत गेला गं.”

“कशाच्या आत?”

“कोणाच्या तरी फ्रेमच्या. मागे. भर म्हणून.”

फ्रेम करणाऱ्यांशिवाय कोणाच्या हातून होणार नाही अशी ती चूक होती. काच, चित्र आणि मागची फळी बसवल्यावर खोबणीत फट राहिली तर चित्र आत खुळखुळतं. म्हणून फळीच्या आत जुना पुठ्ठा किंवा जाडसर कागद भर म्हणून घालतात आणि मग चुका, म्हणजे बारीक खिळे मारून, वरून कागदी पट्टी चिकटवून सगळं बंद करतात. काटकोनच्या टेबलावर अशा पुठ्ठ्यांचा ढीग असायचा. समोर असलं म्हणजे विसरणार नाही, या हिशोबाने त्याने ते खाकी पाकीट नेमकं त्या ढिगावर ठेवलं होतं. त्या दिवशी कामाची नुसती झुंबड होती. हात ढिगाकडे जात होता, पुठ्ठा उचलत होता, फ्रेम बंद होत होती. संध्याकाळी ढीग संपला होता आणि पाकीटही.

“म्हणजे माझी आई कोणाच्या तरी पाठीमागे भर म्हणून बसली आहे,” ती म्हणाली.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तो माझ्याकडे बघायचं टाळायचा. मला त्याचा राग आला होता, आणि दयाही आली होती. आयुष्यभर लोकांच्या आठवणी सरळ लावत आलेला माणूस होता तो. पाचव्या दिवशी तिने भाजी निवडता निवडता विचारलं, त्या दिवशी एकूण किती फ्रेम बंद केल्यात? अकरा, तो म्हणाला. आठवतात का? सगळ्या आठवत होत्या. माणसांचे चेहरे तो विसरायचा, पण कोणाला कुठली पट्टी लावली हे कधी विसरला नाही. मग त्याने चाचरत सांगितलं की कातरलेले तुकडे रोज संध्याकाळी रद्दीवाला उचलून नेतो, तेव्हा कदाचित त्यात... तिने हात वर केला आणि ते बोलूच नका म्हणाली.

मग शोध सुरू झाला. खरं सांगितलं तर धंद्याची अब्रू जाणार, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. तो गिऱ्हाइकांच्या दारात उभा राहून सांगायचा की फ्रेमची दोरी तपासायला आलोय, मागची पट्टीही नवी लावून देतो, फुकट. फुकट म्हटलं की माणसं जास्तच सावध होतात. एका डॉक्टरांनी त्याला तीनदा विचारलं की नक्की काय विकायला आलायस. तरी एकेक फ्रेम उघडत गेली. नकाशामागे शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा निघाला. नवरा-नवरीमागे जुनं कॅलेंडर. एका लाडक्या कुत्र्यामागे काटकोनचीच हरवलेली मोजपट्टी निघाली, जिच्यावरून त्याने वर्षभरापूर्वी शेजारच्या दुकानदाराशी भांडण केलं होतं. दहा फ्रेम उघडायला सव्वा वर्ष गेलं, कारण दोन घरं गाव सोडून गेली होती आणि तिथवर जावं लागलं. दहाव्या घरूनही तो रिकाम्या हाताने परतला.

उरली अकरावी. ती मोठ्या बाईंची. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त, ऐंशीच्या घरातल्या आणि एकट्या. फ्रेममध्ये त्यांचे वारलेले यजमान होते. काटकोन त्यांचाच विद्यार्थी. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्यांच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. दोरी, पट्टी, फुकट, हे सगळं त्याने म्हणून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“एकदा बंद केलं की उघडायचं नाही, हवा लागली की फोटो पिवळा पडतो, हे तूच मला सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “तेव्हा खोटं बोललास की आत्ता बोलतोयस?”

तो खाली मान घालून घरी आला. हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ते असं उलटून अंगावर येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेव्हा बायको म्हणाली, मी जाते, आणि मी खरं तेच सांगते. त्या गुरुवारी ती गेली, आणि परत आली तीही न सांगताच. बाईंच्या खुर्चीसमोर ती फ्रेम आहे, तिने नवऱ्याला सांगितलं, आणि त्या रोज सकाळी यजमानांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत असत. आता डोळे साथ देत नाहीत, तर नुसताच पेपर उघडून बसतात. त्यांच्यापाशी त्या माणसाची पाठ उकलायची परवानगी कशी मागायची? म्हणून तिने पेपर घेतला आणि वाचून दाखवला. वाचता वाचता फ्रेमकडे बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. मग दर गुरुवारी. तिसऱ्या महिन्यात एकदा बातम्या संपल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. पुढच्या वेळी बाईंनी तिची खुर्ची फ्रेमच्या थोडी जवळ ओढून ठेवली होती, एवढंच. त्याला आता चार वर्षं झाली. ती जाते, वाचते, दोन तास बसून येते. परत आली की तिचा चेहरा निवळलेला असतो. इथे मी भिंतीवर झुरत असतो आणि तिकडे माझा कोणी एक भाऊ दोघांचं वजन पेलत असतो. मी त्याचा किती हेवा करतो हे सांगायलाही लाज वाटते.

आणि मग गेल्या गुरुवारी ती घरी आली ती पांढरीफटक पडून. बाईंनी तिला सांगितलं होतं, “उघड तू. त्यांनाही चालेल. नवऱ्याला पक्कड घेऊन बोलाव.”

काटकोन उठलाच. पक्कड, चुका, चिकटपट्टी, सगळं त्याने पिशवीत भरलं. माझ्या पाठीतला तो अबोल खिळासुद्धा भिंतीत शहारला, मी शपथेवर सांगतो.

“चल, आत्ता जाऊ,” तो म्हणाला.

“नको.”

“अगं, साडेपाच वर्षं आपण याच्यासाठीच...”

“आणि उघडून नसला तर?”

तो दारातच थांबला.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, “तो फोटो मी एकच दुपार बघितला. तीळ डाव्या गालावर होता की उजव्या, हेही आता मला नक्की सांगता येत नाही. पण तिथे बसले, त्या फ्रेमकडे बघत वाचायला लागले, की आई दिसते. टेपसकट दिसते. ती तिथे आहे म्हणून दिसते. नसली, तर पुढच्या गुरुवारी मी कुठे बघू?”

त्याने पिशवी खाली ठेवली. काही वेळाने पक्कड काढून जागेवर ठेवली आणि तिच्याशेजारी येऊन बसला.

मला रडू फुटलं असतं, पण पितळेला ते जमत नाही. खरं सांगू, आधी मला तिचा रागच आला. सहा वर्षं मी वाट बघितली आणि दारापर्यंत आलेलं तिने परत पाठवलं. मला तो चेहरा बघायचा आहे. वर बघणारी ती बाई मला माझ्या खांद्यावर हवी आहे, काचेसकट, धुळीसकट. ही माझी इच्छा अजून गेलेली नाही आणि जाणारही नाही. पण ती दोघं शेजारी शेजारी बसली होती, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझा राग उतरला.

आज पुन्हा गुरुवार. ती पेपर बगलेत घेऊन निघाली. बाईंना काय सांगशील, असं नवऱ्याने विचारलं. सांगेन की दोघं आहेत तिथे बरी आहेत, ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

तर वाचणाऱ्यांनो, माझी एकच विनंती आहे. तुम्ही कधी या घरी आलात आणि भिंतीवर हा रिकामा हूक दिसला, तर मला उपटून भोक बुजवा असा सल्ला तिला देऊ नका. घड्याळ लावा म्हणू नका. माणसाचं मन आहे. पुढल्या वर्षी, दहा वर्षांनी, एखाद्या दुपारी तिला वाटेल की आता बघूया. ती आईला हातात धरून घरी येईल आणि ठेवायला जागा शोधत या भिंतीकडे वळेल. त्या वेळी मी इथे असायला हवा.