नोंदीबाहेरची दोन मिनिटं

मी बोलतेय, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका कोर्टातली लघुलेखनाची मशीन. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपलं, आज माझंही थोडं ऐका.

माझी मालकीण डोरीन. तिची बोटं चालू असली की कोर्टातला शब्द न् शब्द माझ्या पोटात उतरतो. बोटं थांबली की मी मुकी.

व्हर्ना टॅकेट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दुकानातलं मांडणीचं कपाट कोसळलं आणि तिचा आधीच थोडा संधिवात असलेला उजवा हात चिरडला. तिनं दुकानावर दावा लावला. खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी ज्युरीतल्या बारा गावकऱ्यांना सूचना वाचून दाखवली. हात आधीच संधिवाताचा असेल तर वेदनेची भरपाई देऊ नका, म्हणे. साफ चूक! आधीचं दुखणं असलं तरी अपघातानं वाढलेल्या वेदनेची भरपाई कायद्यानं मिळतेच.

व्हर्नाचे वकील हॉलिस प्रुइट लगबगीनं न्यायाधीशांजवळ गेले. न्यायाधीशांनी डोरीनला खूण केली, "हे नोंदीत नको गं." बोटं उठली.

"साहेब, ही सूचना चुकीची आहे. माझी हरकत आहे."

"अरे हॉलिस, ज्युरी भुकेली आहे. जेवून आल्यावर नोंदव की. मी कुठे पळून जातोय?"

हॉलिस पडले भिडस्त! दोघं दर शनिवारी मिळून मासे धरायला जायचे. "बरं," म्हणाले. जेवणानंतर ज्युरी विचार करायला खोलीत गेली आणि हरकत राहूनच गेली.

निवाड्यात दवाखान्याचा खर्च मिळाला. वेदनेपुढे शून्य.

अपील झालं. वरच्या कोर्टानं माझी नोंद मागवली. त्या पानावर एवढंच होतं: 'चर्चा, नोंदीबाहेर.'

"अगं, मी ऐकलंय ते!" डोरीन माझ्यापुढे रडली. नोकरीची पर्वा न करता तिनं तसं शपथेवर लिहून दिलं. न्यायाधीश म्हणाले, "मला नाही बुवा आठवत."

अपील फेटाळलं. हरकत नोंदीत नाही, म्हणून चूक तपासणार नाही. आणि रक्कमही तीच राहील.

काल व्हर्ना आली. "हिच्यात असेल ना कुठेतरी?" तिनं विचारलं. डोरीननं ते पान काढून 'चर्चा, नोंदीबाहेर' या ओळीवर बोट ठेवलं.

मला ओरडावंसं वाटलं. बायांनो, बाबांनो, हरकत असेल तर डोरीनची बोटं चालू असताना घ्या, जेवण थंड झालं तरी चालेल!

व्हर्नानं उजवा हात माझ्यावर ठेवला. ऑर्गनवर ठेवायची तसाच. बोटं दाबून पाहिली, पुन्हा दाबली. मग डाव्या हातानं तो हात उचलून घेतला.

माझ्यात एक अक्षरही उमटलं नाही.