पाठमोरी

सोललेल्या वालांची वाटी बाजूला सारून उत्तराने दार उघडलं. बाहेर पंचविशीचा एक अनोळखी मुलगा उभा होता, हातात कागदी पिशवी.

"काकू, मी प्रितम. लाइपझिगहून आलो. गार्गीने चॉकलेटं पाठवलीत."

त्याने वाकून नमस्कार केला. लेकीच्या जर्मनीतल्या विद्यापीठातला असणार म्हणून तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तेवढ्यात आतून नंदकिशोर आले आणि नवऱ्याचा चेहरा असा उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"काका, गुडघा कसा आहे आता?" प्रितमने विचारलं.

गुडघ्याचं दुखणं घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, तुम्ही ओळखता याला?"

नंदकिशोर खुर्चीचा हात धरून हळूच बसले. प्रितम गोंधळून दोघांकडे आळीपाळीने बघू लागला.

"काका, तुम्ही म्हणाला होतात, मी यायच्या आधी काकूंना सांगून ठेवतो…"

"नाही जमलं रे."

"काय नाही जमलं?" उत्तराने विचारलं.

"काकू," मुलाचा आवाज अगदी बारीक झाला, "मार्चमध्ये आम्ही लग्न केलं. मी आणि गार्गीने."

ती होती तिथेच, दिवाणाच्या कडेला टेकली. मार्चपासून दर रविवारी गार्गी फोनवर समोर दिसत होती. थंडी किती, परीक्षा कधी, आज भाजी काय केलीस. सहा महिने!

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मी होतो लग्नाला. लॅपटॉपवर." नंदकिशोर फरशीकडे बघत म्हणाले. "निघताना तू तिला तुझ्या डोक्यावर हात ठेवायला लावलास, उत्तरा. तिकडे कुणात गुंतणार नाही म्हणून शपथ घातलीस. पोर घाबरली होती गं."

"आणि मी कुठे होते तेव्हा?"

ती प्रितमकडे वळली.

"फोटो असेल ना? दाखव."

प्रितमने फोन पुढे केला. नोंदणी कार्यालयातलं लांब टेबल, चार-पाच हसरी मुलं. मधोमध हा, शेजारी गार्गी. उत्तराने बॅगेत कोंबून दिलेली मोरपिशी साडी तिने नेसली होती. टेबलावर उघडा लॅपटॉप आणि त्यात इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले नंदकिशोर.

उत्तराने दोन बोटांनी फोटो मोठा केला. नंदकिशोरांच्या मागे हेच स्वयंपाकघर. ओट्याशी हिरव्या गाऊनमधली एक बाई, पाठमोरी.

'सोसायटीची मीटिंग आहे, आवाज करू नकोस,' त्या दिवशी ते म्हणाले होते. शिट्टी होऊ नये म्हणून तिने कुकरखालचा गॅससुद्धा बंद केला होता.

तिचं बोट सरकत लेकीच्या चेहऱ्यावर आलं. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. गार्गी तेवढी मान कलती करून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती. बापाकडेही नाही, त्याच्या खांद्यावरून, मागे.