शेवटचं प्रकरण आधी

माझ्या कादंबरीत काय नव्हतं ते विचारा. सोसायटीच्या नोटिसा होत्या, सुक्या बोंबलाच्या चटणीची कृती होती, व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं होती आणि शेवट तर तीन होते. नायिका साठीला टेकलेली विधवा. पहिल्या शेवटात ती माजिवड्याच्या सिग्नलला गाडीखाली जाते, दुसऱ्यात कायमची गावी जाते आणि तिसरा शेवट म्हणजे नुसती तिची लग्नपत्रिका, नवऱ्याच्या नावाच्या जागी टिंबं. तो मी गंमत म्हणून लिहिलेला. आयुष्यालाच धड अर्थ नाही तर गोष्टीला कुठून आणायचा, असं मी तेव्हा चारचौघांत ऐटीत सांगायचे.

खर्डा मंजुळाआत्याला वाचायला दिला. तिनेच मला वाढवलं, आणि नायिकाही मी बरीचशी तिच्यावरूनच उचललेली. एका रविवारी ती कळव्याहून आमच्या डोंबिवलीच्या घरी आली.

"पहिले दोन शेवट काढून टाक," ती म्हणाली.

"अगं आत्या, शेवट वाचकाने निवडायचा असतो."

"मग मी कोण आहे? मी निवडला. पत्रिकेचा."

"तो जोक आहे गं."

"टिंबांच्या जागी राजरत्न लिही," ती म्हणाली. "वागळे इस्टेटला लेथ मशीनवर कामाला असतात. माझ्या कुकरचं झाकण चारदा दुरुस्त करून दिलंय त्यांनी. बिघडलेलं नसताना."

मला इतका आनंद झाला, की मी तिला मिठीच मारली.

"पण दादा नाही म्हणाला तर मी नाही करणार," ती म्हणाली. "माझ्याने त्याला सांगवत नाही. तूच वाचून दाखव. गोष्ट म्हणून ऐकेल तरी."

तिचा दादा म्हणजे माझे बाबा, बुद्धविहाराच्या कमिटीवरचे, नियमांचे पक्के. पत्रिकेत दोन्ही खरी नावं घालून मी त्यांना ती वाचून दाखवली. आत्या स्वयंपाकघरात चहा उकळत उभी होती. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला.

"ही काय पत्रिका झाली?" ते म्हणाले.

आतला गॅस बंद झाला.

"निमंत्रक कोण? भावाचं नाव कुठंय? लोक विचारतील, भाऊ मेला काय?"

आत्या दारात येऊन रडायलाच लागली. मीही रडले.

प्रकाशक म्हणतात, तीन शेवटांशिवाय कादंबरी आजची वाटत नाही. न वाटू दे. ती यायला अजून अवकाश आहे. शेवटचं प्रकरण मात्र छापून आलंय, आणि निमंत्रक स्वतः घरोघरी ते वाटत फिरतायत.