न फुटणारी तबकडी

कंपनीवाल्यांनो, खोटं तुम्ही बोललात आणि मान खाली गेली ती गॅरंटीभाऊची.

कॅसेटच्या दुकानात सगळे त्याला गॅरंटीभाऊच म्हणत. प्लास्टिकच्या डबीतली तुमची तबकडी नवी आली, तेव्हा तो ती खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा, उचलायचा आणि यंत्रात घालून वाजवायचा. "कॅसेट गुंडाळते, बुरशी धरते. ही नातवंडांना पुरेल. गॅरंटी माझी!" हा खेळ तुम्हीच त्याला शिकवला होता. बाकीचं मात्र त्याला न सांगता गिळलंत: दुसऱ्या कंपन्यांशी तुमचं फाटलंय, म्हणून तिच्यावर कुणी गाणी काढणार नाही. तिच्यावरचं दुसरीकडे उतरवता येऊ नये म्हणून तुम्ही कुलूप घातलंय. आणि लोक घेईनात, की तुम्ही गाशा गुंडाळणार.

परवा शिवणवाल्या काकू आल्या. मागे काका, गळ्याला रुमाल. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज जाणार होता, म्हणून आदल्या दिवशी तो या तबकडीवर भरून ठेवलेला. गॅरंटीभाऊच्याच सल्ल्याने.

"घरचं यंत्र मेलं हो," काकू म्हणाल्या. "तुमचं लावा जरा. नातीला ऐकायचंय, आजोबा कसे बोलायचे ते. म्हटलं, ऐक, पण शिव्या आल्या की कान झाक."

काका खांदे हलवून हसले. गॅरंटीभाऊ हसला नाही. दुकानातलं शेवटचं यंत्रही आतून गेलं होतं. सुट्या भागासाठी त्याने फोन केला, तर "तो प्रकार आता बंद झालाय" म्हणून तुम्ही आपटून ठेवलात.

"तबकडीच खराब झाली असेल, काकू," तो पुटपुटला.

काका पुढे झाले. त्यांनी डबी खांद्याच्या उंचीवर धरली, अगदी त्याच्याच ढबीत, आणि सोडून दिली. उचलली, सदऱ्याला पुसली, काउंटरवर ठेवून बोटाने टकटक केलं. टवकाही उडाला नव्हता.

"काही झालेलं नाही, म्हणतायत," काकू म्हणाल्या. "गॅरंटी तुमची."

गॅरंटीभाऊच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "खोटं बोललो, काका. तबकडी धड आहे. वाजवायलाच काही उरलं नाही."

काकांनी ओठ हलवले. मग नुसताच त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर त्याला सोसलं असतं.

तबकडी अजून काउंटरवर आहे, धडधाकट. आत एक माणूस बोलतोय. तो कशावर ऐकायचा? फोन आपटू नका. उत्तर द्या.