हात वर

“दोनच मिनिटं बोलायचंय, बाई. कुणी तुमचा जीव घेत नाहीये,” इस्पितळाचे साहेब म्हणाले.

मोठी मान खाली घालून ओल्या चादरींच्या ढिगाकडे बघत राहिली. उद्या इस्पितळाची वर्षअखेरची सभा होती. या अवघड वर्षाने आपल्याला काय शिकवलं, हे प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने उभं राहून सांगायचं होतं. आणि धुलाईखान्याची प्रमुख म्हणजे ही. घरात दोन जावांमधली थोरली म्हणून तिला मोठी म्हणत. धाकटी जाऊही याच धुलाईखान्यात, त्यामुळे ते नाव इथेही चिकटलं. नाहीतर मोठं म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. आवाज तर इतका बारीक, की शेजारी उभी राहून बोलली तरी लोक “काय?” म्हणून विचारत.

“आणि धाकटीचं काय ते सभेपर्यंत सांगा,” साहेब जाता जाता म्हणाले. “येणार असेल तर जागा तिचीच. नसेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

“विचारते,” मोठी म्हणाली. विचारणार कसं, हे तिचं तिलाच ठाऊक. धाकटीने तिच्याशी बोलणं टाकून कित्येक महिने झाले होते.

आक्का होती तोवर सगळं सुरळीत होतं. धुलाईखान्याच्या मधोमध चादरींना इस्त्री करायचं यंत्र होतं: दोन तापलेले रूळ, एका बाजूने ओली चादर घालायची, पलीकडून कोरडी ओढायची. आक्का त्या खात्याची मुकादम. रूळ फिरवायच्या आधी ती दरवेळी ओरडायची, “हात?” सगळ्या बायका दोन्ही हात डोक्यावर नेऊन म्हणायच्या, “वर!” आक्का एकेक हात बघायची, मग म्हणायची, “चालू.” तेव्हाच बटणवालीने बटण दाबायचं, आणि तेव्हाच हात खाली यायचे. नव्या बाया हसायच्या. आक्का कधी हसली नाही.

वर्षाच्या सुरुवातीला साथ आली आणि आक्का इथेच, वरच्या मजल्यावर, वारली. तिची चादर खाली धुवायला आली असेल तेव्हा कुणाला ओळखूही आली नाही. त्या दिवसांत चादरींचे डोंगर उतरत होते. साहेबांनी सगळ्यांत जुनी बाई म्हणून मुकादमकी मोठीच्या गळ्यात टाकली.

पहिल्याच दिवशी ती “हात?” म्हणाली, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तर फाटक्या चादरी शिवणारी शिवणवाली म्हणाली, “अगं मोठे, घसा बसलाय का?” सगळ्या फिदीफिदी हसल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तिने ओरडणं सोडलं. सगळीकडे नजर टाकायची आणि बटणवालीकडे बघून मान हलवायची, एवढंच. काम झपाट्याने होऊ लागलं. साहेब खूश झाले.

मग तो दिवस आला. रुळांत चादरीचा कोपरा दुमडला होता, म्हणून यंत्र थांबवलं होतं. धाकटी वाकून तो सोडवत होती. तेवढ्यात मागून शिवणवालीने विचारलं, “मोठे, लेकीचा ताप उतरला का गं?” मोठीने हो म्हणून मान हलवली. वाफेपलीकडून बटणवालीला फक्त मान दिसली.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. यंत्र जुनं आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुणी मोठीला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. धाकटीने मात्र वाकल्या वाकल्या ती मान हलताना पाहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून मोठीने “हात?” पुन्हा सुरू केलं. घरी न्हाणीघरात नळ सोडून ती ओरडायची सवय करायची. “हात? हात?” नळ बंद केला की पलीकडे धाकटी एका हाताने भांडी लावत असल्याचा आवाज यायचा. पोरीचा ताप कधीच उतरला होता, पण त्या प्रश्नाला मान हलवायची तिला अजून धास्ती वाटे.

साहेब सांगून गेले त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना गाठलं. “तिला विचारा ना, उद्यापासून येणार का.”

“मी काय दोघींची टपालवाली आहे?” सासूबाई करवादल्या; पण आत जाऊन आल्या. खाटेवर बसल्या, पदराने तोंड पुसलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, त्यांच्या हाताखाली एकदा हात घालून बघितला म्हणावं.”

सासूबाईंनी नुसता मोठीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्याने तिला रडू आलं.

सभेत आधी मोठे डॉक्टर बोलले, मग भांडारप्रमुख. संकटाने आम्हांला एकत्र आणलं, म्हणाले. टाळ्या पडल्या. मोठीचं नाव पुकारलं. साहेबांनी शिकवलेली चार वाक्यं तिने येताना जिन्यावर घोकली होती. माईकसमोर उभी राहिली आणि एकही आठवेना. कुणीतरी खाकरलं. या वर्षात ती जे शिकली होती, ते एवढंच एक तोंडात आलं.

“हात?”

मागच्या भिंतीशी धुलाईखान्याच्या बायका उभ्या होत्या. सवयीने सगळ्यांचे हात डोक्यावर गेले. “वर!”

सभागृह खो खो हसलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मोठी मात्र सवयीप्रमाणे एकेक हात बघत गेली. बटणवालीचे दोन. शिवणवालीचे दोन. आणि दाराशी, खांबाआड, आणखी दोन. त्यातल्या उजव्याला अंगठा होता, करंगळी होती.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून पाहिलं. मग बाकीच्यांनी. हसणं विरत गेलं.

आता “चालू” म्हणायचं होतं. त्याशिवाय हात खाली घ्यायचे नसतात. मोठीने तोंड उघडलं, शब्द फुटेना. बायका तशाच उभ्या. त्या उजव्या हाताला वर राहायची सवय राहिली नव्हती. तो थरथरत होता, पण खाली येत नव्हता.

“ताई,” दारापासून धाकटीचा आवाज आला, “म्हणा ना आता. दुखतोय.”

मोठीने माईक बाजूला केला.

“चालू,” ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.