अनाम बुवांची तबकडी

तात्यापारा मोहल्ल्यातलं जुनं घर सोडून शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं आणि मुलाने, पुष्करने, वडिलांना इथल्या हिंदीत बजावलं, "बाबा, वहाँ एक ही शेल्फ मिलेगा." झालं! रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून नरहरराव असल्याच एखाद्या राष्ट्रीय संकटाची वाट बघत होते. गाण्यांच्या संग्रहातल्या सर्वश्रेष्ठ तबकड्या निवडायला ते चष्मा पुसून बसले. निवडल्या त्या सगळ्या शास्त्रीय. उरलेल्या भंगारवाल्याच्या पोत्यात.

पोत्यात सगळ्यात वर गोदावरीबाईंची लावणीची तबकडी होती. आईने दिलेली तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती.

"एवढी राहू द्या न," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"बाईच्या आवाजात वजन नसते, गोदा. पुरुषाचा खर्ज पाहिजे. आपले अनाम बुवा आठव!"

अनाम बुवा म्हणजे संग्रहातले पहिले मानकरी. पंडरीच्या बाजारात जुन्या सामानात मिळालेली लहानशी तबकडी. कव्हर नाही, लेबल पुसलेलं, म्हणून बुवा अनाम. शास्त्रीय गाण्याला घाई चालत नाही, हा नरहररावांचा सिद्धान्त. म्हणून प्लेअरचा वेगाचा खटका त्यांनी कायम संथावर ठेवलेला. बुवा रेड्यासारखे रेकत आणि नरहरराव डोळे मिटून "काय ठहराव!" म्हणत. शेजारचे देवीदासही चहा येईपर्यंत मान डोलावत.

गोदावरीबाईंना खरा प्रकार पहिल्याच आठवड्यात कळला होता. तेव्हा नवरा ऑफिसात गेला की त्या ती तबकडी आपल्या पद्धतीने ऐकत. सांगितलं मात्र नाही. कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय माणूस सुखात होता. आज पोत्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ चांगलाच राग आला.

संध्याकाळी देवीदासांसमोर जुन्या घरातली शेवटची बैठक बसली. बुवांनी सूर लावला, नरहररावांनी डोळे मिटले. गोदावरीबाई उठल्या आणि त्यांनी खटका पुढच्या खाचेत सरकवला.

खर्ज गेला कुठल्या कुठे. एक बाई खणखणीत आवाजात झरझर तराणा म्हणू लागली. देवीदासांचा कप हातातच राहिला.

"हे कोण होय?" नरहररावांनी डोळे उघडले.

"तुमचे बुवा," गोदावरीबाई म्हणाल्या. "आता सांगा, हिले बी पोत्यात टाकू, का माह्या माहेरच्या बाईले बाहेर काढू?"

तराणा संपला. मग नरहरराव उठले, पोत्यातून लावणी काढली, बाहीने पुसली आणि बायकोकडे बघत चाचरत म्हणाले,

"गोदा, इले कोणत्या खटक्यावर लावतेत?"